सात नंबरची बाटली

आमच्या कॉलेजात ऑर्गेनिक केमिस्ट्री दोन वह्यांत शिकवली जायची, एक रफ आणि एक फेअर. रफ वहीत लॅबमध्ये जे घडलं ते लिहायचं, आणि फेअर जर्नलमध्ये जे घडायला हवं होतं ते. दोघींचा एकमेकींशी काही संबंध असलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नव्हतं. रफ वही वर्षाअखेरीला रद्दीत जायची, फेअर जर्नलवर सही-शिक्का व्हायचा आणि मार्क त्यावर मिळायचे. तीन वर्षांत मी जे काही शिकले त्यातलं सगळ्यात पक्कं शिक्षण हेच.

मी केमिस्ट्री घेतली ती बाबांमुळे. बाबा रिफायनरीत ऑपरेटर. माझं लहानपण रिफायनरीजवळच्या बाजव्यात गेलं, मग आम्ही बडोद्यातच समा भागात एका सोसायटीत फ्लॅट घेतला. बाबा रोज घरी यायचे, पण त्यांची भाषा प्लँटमध्येच राहायची. आमटी पातळ झाली तरी ते आईला "फीड तपास" म्हणायचे, म्हणजे आत काय किती घातलंस ते बघ. तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवल्यामुळे रसायनशास्त्र आपल्या रक्तातच आहे अशी त्यांची ठाम समजूत. आईचं म्हणणं, पोरीने बी.कॉम. करावं आणि एखाद्या बँकेत पंख्याखाली बसावं. पण आईचं म्हणणं आमच्या घरात नेहमी रफ वहीतच जायचं.

ऑर्गेनिकचे सर बडोद्यातच जन्मलेले गुजराती. त्यांना मराठी उत्तम समजायची, पण समजत नाही असं दाखवण्यात त्यांना जास्त सोय वाटायची. वर्गात आले की ते फळ्यावर एक षटकोन काढायचे, शेजारी दुसरा षटकोन, आणि मध्ये एक वाकडा बाण. बाण म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला ते. तो का गेला असं विचारलं तर उत्तर मिळायचं, "एने जवुं होय एटले जाय." त्याला जायचं असतं म्हणून जातो. यावर पुढे काय विचारणार, डोंबल? मग सर वर्गाकडे वळून "समज्या?" म्हणायचे आणि आम्ही साठ जण "हा सर" म्हणायचो. गणपतीच्या आरतीलासुद्धा आमच्या सोसायटीत एवढा एकसूर लागत नाही.

त्यांच्या नोट्सची पानं इतकी जुनी होती की एकेक पान प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं होतं. एकदा पानं पुढेमागे झाली आणि सरांनी अल्डिहाइडच्या रिअ‍ॅक्शनचं निम्मं धड अमाइनच्या रिअ‍ॅक्शनला जोडलं. आम्ही मान खाली घालून लिहून घेतलं. परीक्षेत ज्यांनी तेच धड तसंच उतरवलं त्यांना पूर्ण मार्क मिळाले, आणि एका मुलीने पुस्तक उघडून बरोबर उत्तर लिहिलं म्हणून तिचे दोन मार्क कापले गेले. ही मुलगी म्हणजे लॅबमधली माझी पार्टनर.

ती मांडवीच्या आतल्या बाजूला एका पोळात, म्हणजे जुन्या बंद गल्लीत राहायची. तिचे खापरपणजोबा म्हणे बडोद्याच्या महाराजांच्या पायदळात होते, आणि पुरावा म्हणून दोन खोल्यांच्या त्या घरात भिंतीवर एक तलवार टांगलेली होती. तलवारीच्या मुठीला तिची आई छत्री अडकवायची. माझ्या आईला त्या तलवारीचं भारी कौतुक. "खरी जुनी बडोद्याची माणसं ती," असं म्हणायची, म्हणजे आम्ही नुसते पोटासाठी आलेले. खऱ्या जुन्या बडोद्याच्या माणसांपैकी तिचे वडील शाळेची व्हॅन चालवायचे, आणि क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. खाली दोन भावंडं शाळेत. घर आता हिच्या अंगावर येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिला तर सगळ्यांच्या आधी.

लॅबमध्ये ही बाई खरोखर प्रयोग करायची. आम्ही सगळे बर्नर पेटवून, नळीत काहीतरी उकळत ठेवून गप्पा मारायचो, आणि ही नळी खिडकीशी नेऊन, मागे पांढरा कागद धरून, एक डोळा मिटून बघत बसायची. रफ वहीत लिहायची, "आधी फिकट पोपटी, दोन मिनिटांनी शेवाळी." मी म्हणायचे, "अगं, जर्नलमध्ये 'हिरवा' लिहिलंय, हिरवा लिही आणि चल नाश्त्याला." ती म्हणायची, "हो, पण हिरवा नाहीये तो." आम्ही तिला वेडी म्हणायचो. प्रेमानेच, पण म्हणायचो.

जर्नलचंही सांगते. आमच्या बॅचची सगळी जर्नलं एका सिनियर मुलीच्या जर्नलवरून उतरवलेली, तिचं तिच्या सिनियरच्या, आणि तिचं आणखी कोणाच्या. मूळ प्रयोग कोणी केला ते देवाला ठाऊक. त्यात एका पानावर लिहिलं होतं, "पंखा चालू असल्याने थोडी पावडर उडाली, त्यामुळे उत्पन्न कमी." कुठल्या वर्षी कोणाची पावडर उडाली होती, काय माहीत. पण आमच्या साठच्या साठ जणांची ती उडाली. सरांनी साठही ठिकाणी सही केली. आमच्या लॅबमध्ये पंखाच नव्हता, बर्नर विझतात म्हणून.

पार्टनरने मात्र त्या पानावर स्वतः वजन केलेला आकडा लिहिला. सरांनी त्याला लाल गोल केला आणि म्हणाले, "जूनी जर्नल जोई ले, बेन. आटलुं आवे ज नहीं." जुनं जर्नल बघ, एवढं येतच नाही म्हणे. ती बाकावर परत आली आणि हळूच म्हणाली, "माझंच वजन चुकलं असेल ग." मी तिला खोडरबर दिला आणि हसले. मला खरंच हसू आलं होतं. तिचं वजन कधी चुकायचं नाही हे मला माहीत होतं, शेजारीच तर बसायचे मी.

शेवटच्या वर्षी, परीक्षेला दोन महिने असताना, बाजव्याच्या पलीकडच्या एका औषधांच्या कारखान्यातून माणसं आली. त्यांना टेस्टिंगच्या लॅबसाठी आमच्या कॉलेजातून एकच मुलगी हवी होती. त्यांनी टेबलावर सहा नळ्या ठेवल्या, सहाही पिवळ्या, आणि फिकट ते गडद अशा ओळीने लावायला सांगितल्या. आम्ही उजेडाला धरून, डोळे बारीक करून, एकमेकींचं बघून लावल्या. पार्टनरने उभ्याउभ्याच लावल्या आणि हात पुसले. निवड तिची झाली. वेटिंगवर पहिलं नाव माझं आलं. अट एकच, सगळे विषय पहिल्या फटक्यात पास झाले पाहिजेत.

मला वाईट वाटलं का? वाटलं की. रागही आला. माझ्या बाबांनी आख्ख्या शिफ्टला सांगून ठेवलं होतं, की पोरगी येतेय लाइनीत. पण तिच्या घरी त्या दिवशी व्हॅनमधल्या पोरांनासुद्धा पेढे वाटले गेले, आणि तिच्या वडिलांनी मला बोलावून सांगितलं, "बेटा, तू हिची मैत्रीण आहेस, परीक्षेत जरा हिला सांभाळ. फार सरळ आहे ती." गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून सांगितलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही काळजीच करू नका."

आता प्रॅक्टिकलची परीक्षा. ती वीस-वीस जणांच्या तुकडीने व्हायची. प्रत्येकाला नंबर घातलेल्या बाटलीत एक पावडर मिळते, आणि ती कुठली ते परीक्षा करून ओळखायचं. सोडियमचा मुगाएवढा तुकडा घेऊन त्याच्याबरोबर ती पावडर नळीत लालबुंद करायची, नळी पाण्यात फोडायची, ते पाणी गाळायचं, वर दोन-तीन द्रावणं घालायची. निळा रंग आला तर पावडरीत नायट्रोजन आहे, नाही आला तर नाही. मग ती वितळते किती डिग्रीला ते बघायचं. असं करत करत नावापर्यंत पोचायचं. निदान पुस्तकात तरी असं लिहिलेलं आहे.

आमच्याकडे नावापासून सुरुवात करून उलट यायचं असतं. त्याची रीत ठरलेली होती. परीक्षेच्या आदल्या दुपारी लॅबवाले काका स्टोअररूममध्ये बसून बाटल्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायचे, आणि चिकटवताना नंबर आणि पावडरीचं नाव मोठ्याने बोलायचे. दार उघडं ठेवून. काका फार तत्त्वाचे. त्यांनी उभ्या जन्मात एकाही विद्यार्थ्याला पेपर फोडून दिला नाही. ते फक्त स्वतःशी बोलायचे, आणि दाराबाहेर कोणी योगायोगाने कागद घेऊन उभं असेल तर त्याला त्यांचा इलाज नव्हता. एकदा एका मुलाने बाहेरून "काका, बारा नंबर फरी बोलो ने" असं म्हटलं, तेव्हा काका भयंकर संतापले. मग बारा नंबर पुन्हा म्हणाले.

त्या वर्षी दाराबाहेर योगायोगाने मी उभी होते. माझं अक्षर बॅचमध्ये सगळ्यात चांगलं, हात भरभर चालायचा, म्हणून सर्वानुमते माझी नेमणूक. काका कपाटातली बाटली जशी हाताला येईल तशी चिकटवायचे, त्यामुळे नंबर उलटेसुलटे येत होते. चौदा, तीन, नऊ, अठरा, सात. मी फिल्टर पेपरवर पेन्सिलीने लिहीत गेले. ती यादी अगदी बरोबर होती. तिचा तसाच फोटो काढून ग्रुपवर टाकला असता तर काही झालं नसतं.

पण मी तीन वर्षं या कॉलेजात शिकलेली. रफ कागद लोकांना द्यायचा म्हणजे काय? घरी येऊन मी पट्टीने समास आखला आणि एक ते वीस अशा क्रमाने सुंदर अक्षरात यादी फेअर केली. मध्येच आईने हाक मारली, "पानं घेतलीत, येतेस का आता?" मी "आले ग" म्हणाले, शेवटच्या ओळी पूर्ण केल्या, फोटो टाकला आणि जेवायला बसले. ग्रुपवर अठरा जणांनी हात जोडलेले पाठवले. मला बरं वाटलं. फेअर करताना सात आणि नऊ नंबरांची नावं मी उलटी घातली होती, पण हे तेव्हा मला कुठे माहीत होतं.

फक्त पार्टनरचा फोन आला. म्हणाली, "मला नको ग यादी. मी करते तसं करीन." मी म्हटलं, "वेडी आहेस का? सोडियम नीट पेटला नाही, नळी हातात फुटली, मग? बसशील रडत. नोकरी हातची घालवायची आहे का? तुझ्या बाबांनी मला सांगितलंय." शेवटी ती म्हणाली, "बरं, बघते." तिने ती यादी उघडली ती माझ्यामुळे.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते सौराष्ट्राकडचे. बडोद्यात आलेल्या पाहुण्याला सेवउसळ खाऊ घातल्याशिवाय कोणी कामाला लावत नाही, त्यामुळे परीक्षा पाऊण तास उशिरा सुरू झाली आणि परीक्षक शेवटपर्यंत पाणी पीत राहिले. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या. पार्टनरला सात नंबर आला. मी चिठ्ठी उघडली, नऊ. यादीप्रमाणे तिची पावडर सिनॅमिक अ‍ॅसिड, त्यात नायट्रोजन नाही. माझी मेटा-नायट्रोबेंझोइक अ‍ॅसिड, त्यात आहे. दोन्ही अ‍ॅसिडं, दोन्ही साधारण त्याच सुमाराला वितळणारी, सिनॅमिक एकशेतेहतीसला, दुसरं सहासात डिग्री वर. आमच्या लॅबमधली थर्मामीटरं एवढा फरक तर एकाच बर्फात दाखवायची.

आम्ही बॅचमध्ये पाच-सहा जण मराठी. एरवी आपापसातसुद्धा आमची अर्धी बोलणी गुजरातीत व्हायची, आई ओरडायची त्यावरून. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळ्यांना मातृभाषा आठवायची. बाहेरच्या परीक्षकाला मराठी येत नाही, आणि आमच्या सरांना येत असली तरी येत नाही. त्यामुळे बर्नरकडे बघत, चेहरा सरळ ठेवून, काय वाटेल ते विचारता यायचं. भाषेचा एवढा चांगला उपयोग मी पुढे कुठे पाहिला नाही.

तासाभराने पार्टनर बर्नरकडे बघत म्हणाली, "अगं, माझं निळं आलंय."

मी माझ्या बर्नरकडे बघत म्हटलं, "कसं येईल? सातमध्ये नायट्रोजन नाहीये."

"आलंय पण. दोनदा केलं. चांगलं गडद आहे. आणि वितळतंय एकशेचाळीसला."

"थर्मामीटर फालतू आहे. नळी घाण असेल. यादीत आहे ते लिही आणि मोकळी हो."

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तिने नळी खिडकीकडे धरली होती, मागे पांढरा कागद, एक डोळा मिटलेला. मग तिने नळी स्टँडमध्ये ठेवली आणि लिहायला बसली. मला सुटल्यासारखं झालं. तिच्या वडिलांना दिलेला शब्द पाळला असंही वाटलं.

मग मी माझा नऊ नंबर करायला घेतला. खरं तर लिहून झालंच होतं, पण परीक्षक फेऱ्या मारत होते, म्हणून देखाव्यापुरतं काहीतरी निळं दाखवायला हवं होतं. निळं आलं नाही. पुन्हा केलं, नाही आलं. मनात म्हटलं, तीन वर्षं हात चालवला नाही त्याचं हे फळ. तिसऱ्यांदा अगदी पुस्तकातल्यासारखं केलं. पाण्यासारखं स्वच्छ. सहज म्हणून पावडरीवर परमँगनेटचे चार थेंब घातले तर जांभळा रंग डोळ्यांदेखत गेला. सिनॅमिक अ‍ॅसिड हेच करतं. तेवढं मला येत होतं.

फिल्टर पेपर माझ्या एप्रनच्या खिशातच होता. तो बाहेर काढायचीही गरज नव्हती, मला त्यावरची ओळ दिसायला लागली. नऊ, सिनॅमिक. सात, मेटा-नायट्रो. मी पुरवणी मागितली, आधीचं सगळं खोडलं आणि माझं उत्तर बदललं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ऑर्गेनिकमध्ये जे दिसलं ते लिहिलं.

पार्टनर अजून बाकावरच होती. तिचा पेपर अजून तिच्याच हातात होता. तोंडी परीक्षेला तिचा नंबर यायला आणखी दोघं होती, म्हणजे सहज दहा मिनिटं. तीन शब्द पुरेसे होते. "तुझंच बरोबर आहे." मराठीतच तर बोलायचं होतं, कोणाला कळणार होतं?

मी बोलले नाही.

याची कारणं मी इतक्या वर्षांत इतकी फेअर करून ठेवली आहेत की पाठ झाली आहेत. सर जवळच उभे होते. परीक्षकांनी नुकतंच कोणाला तरी झापलं होतं. यादी माझ्या अक्षरातली, चूक माझी, ती बाहेर आली असती तर बाकी सगळ्यांनी मला फाडून खाल्लं असतं. मला भीती वाटली, हे खरं आहे. वेटिंगवर पहिलं नाव माझं होतं हे मला त्या दहा मिनिटांत आठवलंच नाही, असं मी म्हणते. मीच म्हणते, आणि मलाच पटत नाही.

तिचा नंबर आला. परीक्षक आमच्या बाकापाशीच खुर्ची घेऊन बसले, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्यांनी तिचा पेपर पाहिला, खिशातला उत्तरांचा कागद पाहिला, आणि मग स्टँडमधल्या नळीकडे पाहिलं. नळी तशीच उभी होती, गडद निळी, दारातून दिसावी अशी. सिनॅमिक अ‍ॅसिडवाल्या पेपराशेजारी.

त्यांनी नळीकडे बोट करून विचारलं, "आ शुं छे, बेन?"

माणूस वाईट नव्हता. त्यांनी थांबून विचारलं, पेन खाली ठेवून विचारलं. तिने फक्त "निळा रंग, सर" एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी पुढचं काढून घेतलं असतं.

ती म्हणाली, "सर, नळी गंदी हती."

त्यांनी पुन्हा विचारलं, "पाकुं?" नक्की?

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बर्नरची ज्योत कमी करत होते.

"हा सर," ती म्हणाली.

चार मार्कांनी ती नापास झाली. सात नंबरला काय होतं ते परीक्षक सांगत नाहीत, आणि मार्कशीटवर फक्त आकडा येतो. यादीवरून लिहिलेले बाकी सगळे पास झाले, काहींना तर पन्नासपैकी पंचेचाळीस-पंचेचाळीस मिळाले, तेव्हा यादीवर संशय घ्यायचं कोणाला काही कारण नव्हतं. सगळ्यांनी ठरवलं की पार्टनर तोंडी परीक्षेत बिचकली. तिनेही तेच ठरवलं. सहा महिन्यांनी ती पुन्हा बसली आणि पास झाली, पण कारखाना सहा महिने थांबत नाही. मला फोन आला. बाबांनी शिफ्टमध्ये पेढे वाटले. ती आमच्या घरी आली, आईच्या पाया पडली, मला म्हणाली, "बरं झालं, दुसऱ्या कोणाला गेली असती त्यापेक्षा तुला मिळाली." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि तीच मला थोपटत राहिली. माझं मन किती हळवं आहे, असं आई नंतर म्हणाली.

मी अजून तिथेच आहे. आता माझ्या हाताखाली चार मुली आहेत आणि त्यांच्या रजिस्टरवर सही मी करते.

मागच्या दिवाळीआधी मी मांडवीला साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. मॅचिंग सेंटरमध्ये काउंटरवर ती होती. तिथे लागून तिला बरीच वर्षं झाली, हे मला ऐकून माहीत होतं, आणि त्या गल्लीत जायचं मी टाळत होते हेही खरं. पण माझा मोरपंखी रंग तीन दुकानांत मिळाला नव्हता. तिने साडीचा पदर एकदाच बोटांवर घेतला, वळली, शंभरेक तागे रचलेल्या फळीवरून न शोधता एक ओढला आणि साडीवर टाकला. कापड कुठे संपतं आणि साडी कुठे सुरू होते ते कळू नये इतका एक. बाहेर उजेडात जाऊन बघायचीही गरज पडली नाही. दुकानाचे शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "अमारी बेननी आंख, जोई?" ती लाजली.

चहा मागवला तिने. मुलाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, ते आता बसूनच असतात. माझ्या नोकरीचं विचारलं, अगदी बारीकसारीक, कुठली मशिनं आली, अजून हाताने काय करावं लागतं. मी सांगत होते आणि ती ऐकत होती. मग ताग्याची घडी घालता घालता म्हणाली, "मला कधीकधी ती परीक्षा आठवते. मला खरंच निळं दिसलं होतं ग. अजून डोळ्यांसमोर येतं. पण नव्हतं ना ते?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शेठ फोनवर बोलत होते. मला पाहिजे तेवढा वेळ होता.

मी म्हटलं, "नव्हतं ग. नळी घाण होती."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि कापड मापायला घेतलं.